एका टाकीत किती दूर?

दिवाळीच्या सुट्टीसाठी भाच्याला डहाणूला आणायचे म्हणून मी मोटारसायकलने तलासरीला गेलो होतो. भाचा नववीत आहे. ताईने जेवून जाण्याचा आग्रह केला आणि निघायला रात्रीचे दहा वाजले. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने चारोटी नाक्यापर्यंत यायचे आणि तेथून डहाणूचा रस्ता धरायचा, हा आमचा नेहमीचा मार्ग. महामार्गावर एकामागून एक पंप मागे पडले. गप्पांच्या नादात एकाही पंपाकडे माझे लक्ष गेले नाही. गंजाड ओलांडल्यावर एकदम आठवले, की गाडी सकाळपासूनच रिझर्व्हवर आहे!

मागून भाचा म्हणाला, "मामा, जोरात घे ना! पेट्रोल संपायच्या आत पंप गाठू."

विद्यार्थी मित्रहो, आता खरे सांगायला हरकत नाही. इतकी वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझे मनगट त्या क्षणी आपोआप पिळले गेले. काटा ८० वर गेला. दहाएक किलोमीटर आम्ही अशा वेगाने आलो असू. आशागडच्या आसपास गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. डहाणू अजून पाच किलोमीटर दूर होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळोखातल्या वाड्या आणि मध्ये गाडी ढकलणारे आम्ही दोघे. घरी पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला म्हटले, "काल तू सांगितलेस ते चूक होते." त्याने आपला मोबाईल पुढे केला. "चूक कसे? हे बघ." मोबाईलवर डोंगर चढण्या-उतरण्याचा गाड्यांचा एक खेळ होता. कोपऱ्यात इंधनाची पट्टी होती. त्याने एकदा गाडी रमतगमत चालवली आणि दुसऱ्यांदा सुसाट सोडली. सुसाट सोडलेली गाडी त्याच टाकीत कितीतरी पुढे गेली. प्रयोग माझ्या डोळ्यांसमोर झाला होता, तो नाकारणार कसा? भाच्याचे म्हणणे चूक नव्हते. ते दुसऱ्या जगातले बरोबर उत्तर होते, एवढेच.

मग आम्ही सुट्टीचे चार दिवस या एकाच प्रश्नामागे लागलो. एका टाकीत गाडी किती दूर जाते, हे खेळात कोण ठरवते आणि रस्त्यावर कोण ठरवते?

पहिली चाचणी अगदी सोपी आहे आणि ती तुम्हीही करू शकता. खेळ सुरू करा आणि बोट लावू नका. गाडी जागच्या जागी उभी राहू द्या आणि इंधनाच्या पट्टीकडे पाहा. भाच्याच्या खेळात गाडी उभी असतानाही पट्टी कमी होत गेली, आणि चालताना होत होती त्याच गतीने! याचा अर्थ उघड आहे. त्या खेळात इंधन रस्ता खात नाही, घड्याळ खाते. इंधनाची पट्टी हे फक्त उलटे चालणारे घड्याळ आहे. टाकी ६० सेकंद पुरते असे समजा. ताशी १०० किलोमीटर वेगाने गेलात तर तेवढ्यात सुमारे १.७ किलोमीटर अंतर होईल, आणि २०० ने गेलात तर ३.३. वेग दुप्पट केला की अंतरही दुप्पट. अशा जगात पेट्रोल संपत आले की रेस पिळणे हेच शहाणपण ठरते.

ही पद्धत बरीच जुनी आहे. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने 'रॅली-एक्स' नावाचा खेळ काढला. त्यात इंधन वेळेबरोबर कमी होई, आणि पाठलाग करणाऱ्या गाड्यांना चकवण्यासाठी धूर सोडला की आणखी कमी होई. १९८४ साली कोनामी कंपनीचा 'रोड फायटर' आला. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये हा खेळ असायचाच. पडद्यावर ४०० चा वेग दिसायचा आणि इंधनाचा आकडा खाली उतरत राहायचा. दुसऱ्या गाडीला धडकलात तर एकदम जास्त उतरायचा. खेळ तयार करणाऱ्यांचे यात काही चुकले असे मी म्हणणार नाही. खेळणाऱ्याला घाई व्हावी, जीव टांगणीला लागावा, हाच त्या टाकीचा उद्देश असतो. आमच्या लहानपणीच्या या घाईचा संस्कार माझ्या मनगटात अजून शिल्लक आहे, हे मात्र त्या रात्री कळले.

भाच्याच्या एका मित्राकडे संगणक होता आणि त्यावर 'असेटो कोर्सा' हा इटालियन खेळ होता. हा खेळ २०१४ सालचा. यात गाडीच्या यंत्राचे वर्णन साध्या अक्षरांत लिहिलेल्या फायलींमध्ये ठेवलेले असते, आणि इंधनाचा नियमही तेथेच एका ओळीत सापडतो. एका सेकंदात खर्च होणारे इंधन म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, गुणिले रेस किती दाबली आहे तो भाग, गुणिले त्या गाडीचा एक ठरावीक आकडा. बस्स. पण एवढ्याशा नियमाने खेळाचे सगळे रूप पालटते. वरच्या गिअरमध्ये तोच वेग ठेवला तर फेरे कमी होतात आणि टाकी जास्त पुरते. हवेचा रोध या नियमात कोठेही लिहिलेला नाही. तरी तो मागच्या दाराने आत येतो, कारण जास्त वेग टिकवायचा तर रेस जास्त दाबावी लागते. रेस पूर्ण सोडली, की गुणाकारातला एक आकडा शून्य होतो आणि गाडी काही वेळ फुकट चालते!

अशा खेळांची चाचणी घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: तोच रस्ता, तीच गाडी, तोच गिअर, फक्त वेग वेगळा. प्रत्येक फेरी निदान तीनदा करायची. पुष्कळ खेळांत इंधनाचा खर्च काही पटींनी वाढवण्याची सोय असते. शर्यत चार-पाच फेऱ्यांची असते. खरा खर्च ठेवला तर टाकीचा काटा हलणारही नाही आणि इंधन भरायला थांबण्याची मजाच जाईल. तेव्हा ही पट आधी पाहून घ्या, नाही तर मोटार एका टाकीत २० किलोमीटरच जाते असा निष्कर्ष वहीत लिहून बसाल. आमच्याकडून ही चूक झालीच. पहिल्या दिवसाची सगळी पाने खोडावी लागली.

एका बाबतीत मात्र खेळातली टाकी खऱ्या टाकीपेक्षा बरी. तिचा काटा खरे बोलतो. खऱ्या टाकीत पेट्रोलवर एक तरंगता गोळा असतो आणि तो वरखाली होतो तसा काटा हलतो. टाकीचा आकार वेडावाकडा असतो. चढावर आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला जाते. म्हणून काट्यावर विसंबून ॲव्हरेज काढता येत नाही. जुनी, भरवशाची रीत म्हणजे टाकी काठोकाठ भरायची, दोन-तीनशे किलोमीटर चालवायची, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची आणि दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी अंतराला भागायचे.

मग कंपनीच्या जाहिरातीत लिटरला अमुक किलोमीटर असे लिहिलेले असते, ते कोठून येते? यासाठी आपल्याला पुण्याला जावे लागेल. तेथे 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया', म्हणजे 'एआरएआय', ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. इंधनाची चाचणी घेताना तेथे मोटार रस्त्यावर नेत नाहीत. तिची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, समोरून पंख्याचा वारा येतो आणि गाडी मात्र जागची हलत नाही. चालकासमोर एक पडदा असतो. त्यावर कोणत्या सेकंदाला किती वेग हवा याची रेषा सरकत असते आणि त्या रेषेवर गाडीचा वेग दाखवणारी खूण ठेवायची असते. फरक पडला तर ताशी दोनएक किलोमीटरचा, अधिक चालत नाही. म्हणजे पाहा, देशातल्या मोटारींचे ॲव्हरेज ठरवणारा माणूसही पडद्यासमोर बसून एक खेळच खेळत असतो! हे मी भाच्याला सांगितले तेव्हा त्याला फारच आनंद झाला.

ती रेषाही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे मोटारींसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले चाचणीचे आवर्तन ११८० सेकंदांचे आहे. पहिले ७८० सेकंद शहरातल्या वाहतुकीसारखे असतात: थांबा, निघा, ५० पर्यंत जा, पुन्हा थांबा. या भागाचा सरासरी वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास पडतो. उरलेले ४०० सेकंद शहराबाहेरचे, आणि त्यांतही वेग ९० च्या वर जात नाही. खर्च झालेले इंधन लिटरच्या मापाने मोजण्याऐवजी धुरावरून काढतात. पेट्रोलमधला कार्बन नाहीसा होत नाही. तो धुराच्या नळीतून कार्बन डायऑक्साइड, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन या रूपांत बाहेर पडतो. धुराचा ठरावीक प्रमाणातला नमुना पिशव्यांत गोळा करून त्यातला कार्बन मोजला की किती पेट्रोल जळले ते कळते. एक लिटर शुद्ध पेट्रोल जळले तर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोल पाऊण किलोही नाही, मग धूर त्याच्या तिप्पट कसा, असे कोणी विचारील. प्राणवायूचे वजन हवेतून आलेले असते, हे त्याचे उत्तर.

पण रुळांवरच्या गाडीला खऱ्या रस्त्याइतका रोध कसा मिळतो? त्यासाठी आधी ती गाडी सपाट, सरळ धावपट्टीवर वेगाने नेतात, गिअर काढून घेतात आणि तिला आपोआप मंदावू देतात. प्रत्येक वेगाला ती किती झपाट्याने मंदावते यावरून त्या वेगाचा रोध निघतो. तेवढाच रोध मग रुळांना लावतात. ही युक्ती ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला ती सायकलवर वापरायची आहे.

आता मुख्य हिशेबाकडे वळू. १००० किलो वस्तुमानाची एक लहान मोटार आणि तिची ३५ लिटरची टाकी घेऊ. आकडे मी सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.

शुद्ध पेट्रोलच्या एका लिटरात सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा असते. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या लिटरात २१ मेगाजूलच असतात, म्हणून मिश्रणाच्या लिटरात जवळजवळ ३० मेगाजूल धरू. इंजिन चांगल्या भारावर चालत असले तरी यातला फार तर एक-तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि धुराची नळी तापवण्यात जाते. म्हणजे लिटरमागे १० मेगाजूल कामाचे. आता १०० न्यूटन रोधाविरुद्ध १०० किलोमीटर गेलो तर किती काम होईल? १०० न्यूटन गुणिले १,००,००० मीटर, म्हणजे बरोबर १० मेगाजूल. हिशेब किती सोपा झाला! दर १०० न्यूटन रोधाला १०० किलोमीटरमागे १ लिटर पेट्रोल. याला आपण 'वाटेचा खर्च' म्हणू.

रोध दोन प्रकारचा. टायर रस्त्यावर दबून फिरतात त्याचा रोध साधारण १२० न्यूटन. तो वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा. तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आपल्या मोटारीला ताशी २५ किलोमीटरला सुमारे २० न्यूटन, ५० ला ७५, तर १०० ला ३०० न्यूटन. वेग दुप्पट, रोध चौपट.

एवढाच हिशेब असता तर सर्वांत हळू जाणारी मोटार सर्वांत दूर गेली असती. पण सिग्नलला उभी असलेली गाडीही पेट्रोल पिते. इंजिनाचे स्वतःचे घर्षण, आतले पंप, विजेचा जनित्र, यांना गाडी कोठे जाते याच्याशी देणेघेणे नसते. तास भरला की त्यांचे पेट्रोल संपते. लहान मोटारीला याचे तासाला ०.६ लिटर धरू. हा झाला 'घड्याळाचा खर्च'. ओळखलात ना? हाच भाच्याच्या मोबाईलमधला नियम. तो अगदीच खोटा नव्हता. खऱ्या मोटारीच्या खर्चाचा तो एक तुकडा होता आणि खेळाने दुसरा तुकडा सोडून दिला होता.

आता दोन्ही खर्च एकत्र करू. ताशी ५० किलोमीटरने १०० किलोमीटर जायला २ तास लागतात, म्हणून घड्याळाचा खर्च १.२ लिटर. रोध १२० अधिक ७५, म्हणजे १९५ न्यूटन. वाटेचा खर्च १.९५ लिटर. एकूण ३.१५ लिटर. ३५ लिटरच्या टाकीत मोटार सुमारे १,११० किलोमीटर जाईल. ताशी १०० ने गेलो तर घड्याळाचा खर्च निम्मा, ०.६ लिटर, पण रोध ४२० न्यूटन, म्हणून वाटेचे ४.२ लिटर. एकूण ४.८, आणि टाकीचे अंतर ७३० किलोमीटरच्या जवळपास. ताशी १२५ ला ते ५५० पर्यंत घसरते. आता उलट्या बाजूला या. ताशी २५ ने गेलो तर घड्याळाचे २.४ आणि वाटेचे १.४ लिटर, टाकी ९२० किलोमीटर पुरते. आणि ताशी १० किलोमीटर, म्हणजे यात्रेच्या गर्दीतून रांगत जावे तसे? शंभर किलोमीटरला दहा तास! घड्याळच ६ लिटर पिते. टाकीचे अंतर उरते ४८५ किलोमीटर, १२५ च्या वेगापेक्षाही कमी. भाच्याने हा आकडा पहिल्यांदा मान्य केला नाही. स्वतः दोनदा गुणाकार केला, तेव्हा पटले.

आलेखकागदावर आडवा वेग आणि उभे अंतर घेऊन हे बिंदू मांडा. मध्ये एक टेकडी दिसेल आणि तिचा माथा ५० च्या आसपास असेल. पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही १९७८ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. वाहन ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने चालवा, असा सल्ला ती देत आली आहे. त्या आकड्याचे कूळ आता तुम्हाला आलेखावर दिसले. खरा रस्ता असा सपाट आणि मोकळा नसतो, वातानुकूलन यंत्र चालू असते, म्हणून प्रत्यक्षात अंतर आपल्या हिशेबापेक्षा कमीच येते. टेकडीचा आकार मात्र राहतो.

आपण धरलेली मोटार एका वेगाने चालत होती. खरी मोटार ब्रेक लावते आणि तेथे तिसरा खर्च सुरू होतो. १००० किलोची मोटार ताशी १०० ने जात असेल तर तिच्यात सुमारे ३८६ किलोजूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावून ती थांबवली की ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. तेवढी परत मिळवायला जवळपास ४० मिलिलिटर पेट्रोल लागते, अर्धा कटिंग चहा म्हणा ना! असे दहा वेळा केले तर आठ किलोमीटरचे पेट्रोल उष्णतेत गेले.

शर्यतीतल्या चालकांना हे चांगले ठाऊक असते. 'फॉर्म्युला वन' शर्यतीत मध्येच इंधन भरण्यावर २०१० पासून बंदी आली, आणि २०१४ साली शर्यतीला १०० किलोच इंधन वापरायचे असा नियम झाला. सुमारे ३०५ किलोमीटरची शर्यत तेवढ्यात पुरी करायची. हे ॲव्हरेज लिटरला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास पडते, तेव्हा कोणी हेवा करू नये. पण पुरवून वापरण्याची त्यांची युक्ती पाहा. वळण येण्याच्या थोडे आधीच चालक रेसवरचा पाय उचलतो आणि गाडीला हवेच्या रोधाने मंदावू देतो, मग ब्रेक लावतो. जी ऊर्जा ब्रेकमध्ये जायचीच होती, तिच्यावर थोडा रस्ता फुकट कापून घेतो. संगणकावरच्या खेळातही ही युक्ती हुबेहूब लागू पडते, कारण रेस सोडली की गुणाकार शून्य! भाच्याच्या मित्राने तशी टाकी पुरवून दाखवली; फेरीमागे वेळ फारच थोडा वाढला.

येथे आपल्या भागातली एक वाईट सवय सांगितली पाहिजे. जव्हारकडून घाट उतरताना काही जण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत त्याने थोडे पेट्रोल वाचत असेलही. आता मोटारींत आणि २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत इंधन मोजून फवारणारी यंत्रणा असते. गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडून उतार उतरलात तर ती फवारा बंद करते. चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलेत तर इंजिन जिवंत ठेवायला तिला पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जाते आणि इंजिनाचा आवर सुटल्याने ब्रेक तापतात ते वेगळेच.

आता सायकलचा प्रयोग. मोटार नको, मोटारसायकल नको, आणि महामार्गाच्या जवळपासही जायचे नाही. शाळेचे मोठे मैदान किंवा वर्दळ नसलेला सपाट रस्ता निवडा. ठरावीक वेग आला की पायडल मारणे थांबवा आणि सायकल थांबेपर्यंत किती सेकंद लागतात ते मित्राला मोजायला सांगा. वेगासाठी १० मीटर अंतरावर दोन खुणा करून त्या ओलांडायला लागलेला वेळ घ्या. समजा, वेग सेकंदाला ४ मीटर होता आणि सायकल ४० सेकंदांत थांबली. मंदन निघाले सेकंदाला सेकंदाला ०.१ मीटर. तुमचे आणि सायकलचे मिळून वस्तुमान ६० किलो असेल तर सरासरी रोध ६ न्यूटन. पुण्याच्या संस्थेत करतात तीच ही चाचणी. तुम्हाला एक घड्याळ पुरले. टायरमधली हवा थोडी कमी करून पुन्हा करा, आणि मग ताठ बसून व वाकून करा. वारा एका दिशेने असेल तर येताजाता दोन्ही बाजूंनी करून सरासरी घ्या. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गातल्या गटांना वाटून दिला तर एका तासात सगळी कोष्टके भरतात, हा माझा अनुभव.

६ न्यूटन रोधाला एका किलोमीटरला ६ किलोजूल काम लागते. मग या सायकलची टाकी कोणती? आपला घोलवडचा चिकू घ्या, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूच्या १०० ग्रॅम गरात साधारण ३५० किलोजूल ऊर्जा असते. मध्यम चिकूत ८० ग्रॅम गर धरला तर २८० किलोजूल, आणि स्नायू त्यातला चौथा हिस्सा कामात आणतात असे मानले तर ७० किलोजूल. भागाकार केला तर अकरा-बारा किलोमीटर निघतात. सतत पायडल मारताना रोध या सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून आठ-दहाच धरा. डहाणूहून बोर्डी सुमारे १७ किलोमीटर. म्हणजे दोन चिकूंचा रस्ता. शरीराचा घड्याळाचा खर्च मात्र यात धरलेला नाही. तो झोपेतही चालू असतो.

राहता राहिली माझी मोटारसायकल. मोटारसायकल मोटारीपेक्षा कितीतरी लहान, पण ताठ बसलेल्या स्वारासह ती हवेला जवळजवळ लहान मोटारीइतकीच अडते, कारण तिचा आकार सुटसुटीत नसतो. ताशी ४५ ला तिचा एकूण रोध ९० न्यूटनच्या आसपास निघतो आणि ८० ला २०० च्या थोडा वर. लहान इंजिनाचा घड्याळाचा खर्च तासाला ०.२ लिटर धरला, तर १०० किलोमीटरला ४५ च्या वेगाने सुमारे १.३५ लिटर आणि ८० च्या वेगाने २.३ लिटर लागतात. म्हणजे ज्या पेट्रोलवर मी त्या रात्री दहा किलोमीटर आलो, तेच ४५ ने चालवले असते तर सतरा किलोमीटर पुरले असते. घर पंधरा किलोमीटरवर होते.

हा हिशेब भाच्याने मांडला आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "पण मामा, त्या रात्री समुद्राकडून वारा होता. समोरून. तेव्हाही ४५ च बरोबर का?" वारा समोरून ताशी २० किलोमीटरने वाहत असेल तर हवेच्या रोधासाठी वेगात २० मिळवून वर्ग करायचा, टायरचा रोध आणि घड्याळाचा खर्च मात्र जुन्याच वेगाने मोजायचा. मोटारीच्या आलेखावर ही दुसरी रेघ काढून पाहा. टेकडीचा माथा कोणत्या बाजूला सरकतो?